कुलूपदादानं तोंड उघडलं तेव्हा

खरं बोलून कुणाचं वाटोळं केलंय का कधी तुम्ही? खोटं बोलून नव्हे, खरं बोलून. आमच्या गल्लीतल्या कुलूपदादानं केलंय. निदान तो तरी तसंच समजतो.

दादा आरोग्यमंत्री बाईंची गाडी चालवायचा. मागच्या सीटवर बोललेलं त्याच्या पोटातच राही, म्हणून हे नाव. आतलं काही कळावं म्हणून आम्ही मोर्चेवाल्यांनी त्याला चहा पाजून पाहिला, शिव्या घालून पाहिल्या. तो हसायचा आणि काच पुसायला लागायचा.

मग सरकारनं आमच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं ठरवलं. दादाची वहिनी त्याच वॉर्डात आया. आणि टीव्हीवर निर्णय समजावून सांगायला उभ्या कोण, तर दादाच्याच मॅडम! झालं. रोज जेवताना वहिनीची फैर सुरू.

"भावजी, विचारा तुमच्या मॅडमना, कळा आल्या की बाईनं नदीपलीकडच्या हॉस्पिटलात पोहत जायचं का?"

"वहिनी, जेवू द्या."

"जेवा, जेवा. त्यांचंच मीठ आहे ना!"

एक दिवस दादा ताटावरून उठला. "अहो, त्या एकट्या भांडल्यात आत! पंतप्रधानांच्या तोंडावर नाही म्हणाल्यात!"

वहिनी हे पोटात ठेवणार? दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकापाशी सभा होती. तिनं माइक घेतला आणि सांगून टाकलं. तिला वाटलं, आपण बाईंची बाजू घेतोय. टाळ्यांचा नुसता कडकडाट. संध्याकाळी सगळ्या बातम्यांत तेच.

आता नीट ऐका, कारण इथंच आपली गफलत होते. पंतप्रधान म्हणजे राजा नव्हे आणि मंत्री म्हणजे त्याचे होयबा नव्हेत. मंत्रिमंडळाच्या बंद दाराआड भांडता येतं, अगदी कडाडून. तिथं सहसा हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं ऐकून शेवटी पंतप्रधान सांगतात, असं ठरलं. मग तो निर्णय सगळ्यांचा. आत नाही म्हणणाऱ्यानंही बाहेर तोच मांडायचा, नाहीतर खुर्ची सोडायची. पण बरेचसे मंत्री फिरले तर पंतप्रधानालाही मागं यावं लागतं, त्यांच्याशिवाय त्याचं सरकार चालतच नाही. बाई तेच करत होत्या, एकेकाला गाठून वळवत होत्या. अर्थमंत्री अर्धे वळले होते. विषय पुन्हा बैठकीत येणार होता.

बातमी फुटली आणि पंतप्रधानांनी बाईंना बोलावून घेतलं. एक तर जाहीर सांगा की तुमचा विरोध नव्हताच, नाहीतर राजीनामा द्या. बाईंना खोटं बोलवेना. परत येताना दादानं गाडी कडेला घेतली.

"मॅडम, ते माझ्या तोंडून गेलं."

"माहीत आहे. सकाळपासून आरशात तुमचा चेहरा बघतेय."

"मला काढून टाका."

"मी कशी काढू? माझीच नोकरी गेली." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "राजीनामा मी दिलाय, तो स्वतःच्या माथी घेऊ नका. पण आता त्या खोलीत वॉर्डासाठी बोलणारं कुणी उरलं नाही, दादा."

हे शेवटचं वाक्य त्याला आतून खातंय. नोकरी सोडून घरात बसलाय. वहिनी रडून सांगते, चूक माझी. तो म्हणतो, तुम्ही नुसता माइक धरलात. पोटुशी बाई गल्लीतून जाताना दिसली की खिडकी लावून घेतो. परवा मी दार बडवून ओरडले, "अरे शहाण्या, वॉर्ड बंद करायचं तू ठरवलंस का? त्या सगळ्या मंत्र्यांनी मिळून ठरवलंय!" आतून आवाज आला, "जा गं तायडे."

निर्णय सगळ्यांचा, तर जाबही सगळ्यांनाच विचारायचा. वॉर्डाला अजून टाळं लागलेलं नाही. सोमवारचा मोर्चा कुणा एका मंत्र्याच्या बंगल्यावर नाही, मंत्रिमंडळाच्या बैठकीवर जाणार आहे, आणि जाणार आहे दादाच्या दारावरून. तुम्ही या. त्याच्या दारापाशी घोषणा थांबवा. त्याला दोष देऊ नका, त्याची समजूतही घालू नका. नुसती हाक मारा, आणि तो चपला घालून बाहेर येईपर्यंत तिथंच उभे राहा.