बियाण्याच्या जाहिरातीतले बाबा

आधीच सांगते, मी हे रागात लिहितेय. अमरावतीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. अंगात येणं, भानामती, झपाटणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. घरात कुणी विषय काढला तर मी उठून जायची. तरी जे पाहिलं ते पाहिलं, आणि मी एकटीनं नाही पाहिलं.

माझं माहेर हिवरखेडचं. बाबांची, म्हणजे देवरावांची, पऱ्हाटी बघायला आसपासच्या गावांतून लोक यायचे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. म्हणूनच एका बियाणे कंपनीचा साहेब कॅमेरा घेऊन आमच्या शेतात उतरला. मोठा, सिनेमाचा कॅमेरा, खऱ्या फिल्मवर चालणारा. बाबांना नवा फेटा बांधला, हातात फुटलेलं बोंड दिलं आणि म्हणायला सांगितलं, 'हेच बी पेरा, मी पेरलंय.' बाबा म्हणाले, "साहेब, हे पीक तुमच्या बियाचं नाई." साहेब म्हणाला, "पुढच्या वर्षी पेरालच ना, काका!" बाबा भिडस्त माणूस. बोलले. पण त्यांची वऱ्हाडी साहेबाला चालली नाही, म्हणून नंतर दुसऱ्याच कुणाचा तरी गुळगुळीत आवाज त्यांच्या तोंडावर चिकटवला. गावात सगळे हसले. बाबाही हसले.

ती जाहिरात अकोल्याच्या टॉकीजमध्ये इंटरवलला लागायची. पुढच्या हंगामात अर्ध्या गावानं ते बी पेरलं. आम्हीही पेरलं. झाडं कमरेएवढी झाली, पण बोंडं धरलीच नाहीत. जी धरली ती अळीनं खाल्ली. ती वर्षं आधीच शेतकरी आत्महत्यांची, सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. त्यात हे. शेजारचे प्रल्हादकाका, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, अंगणात येऊन उभे राहिले. "देवराव, तुह्या तोंडाकडं पाहून पेरलं म्या." एवढंच बोलले. बाबा असेपर्यंत पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

बाबा कंपनीच्या ऑफिसात गेले. मी सोबत होते.

"साहेब, माहा चेहरा काढून टाका त्याच्यातून. गावात मान वर करता येऊन नाई राह्यली मले."

मोबाइलवरची नजर न काढता साहेब म्हणाला, "काका, जाहिरात आता कंपनीची आहे. आणि तुम्ही किती छान दिसता त्यात!"

"तेच म्हणतो ना मी. कावून, कशासाठी दिसू मी?"

साहेब हसला. ते हसणं आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. अंगणात बाजेवर बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. प्रल्हादकाका खांदा द्यायला आले आणि स्मशानातूनच परस्पर घरी गेले.

आणि जाहिरात चालूच! तेरवीनंतर गावातलं कुणीतरी सांगत आलं, "तुह्या बाबाले पाह्यलं, टॉकीजमधी." अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातली टॉकीज. मी दुपारच्या शोला गेले. इंटरवलला पडदा उजळला आणि बाबा समोर. फेटा, बोंड, हसू, आणि तो परका आवाज. मी तडक वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेले. ऑपरेटर सलीमभाई, पिकल्या दाढीचा माणूस.

"बंद करा हे! तो माणूस मेलाय. बाप आहे माझा."

सलीमभाईंनी स्वतःची खुर्ची मला दिली. "बेटी, मालक देते तेच लावा लागते मले. तरी बोलून पाह्यतो." मी फोन नंबर ठेवून आले. मालकानं ऐकलं नाही, हे सांगायला नकोच.

पण काही दिवसांनी सलीमभाईंचाच फोन आला. आवाज बसलेला. "बेटी, तुमच्या अम्मीले घेऊन या. फिल्ममधी कुछ तो हुआ है. फोनवर नाई सांगता येत मले."

मी हिवरखेडला जाऊन आईला घेतलं. एस.टी.च्या थांब्यावर प्रल्हादकाका उभे होते. आम्हाला बघून त्यांनी तोंड फिरवलं. आईच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चाला भाऊजी, पाहा तुमच्या दोस्ताले. उगाच रागानं जळून नका राहू." ते आमच्या मागे गाडीत चढले.

इंटरवल झाला. जाहिरात लागली. बाबा कपाशीत उभे. आवाज सुरू झाला, 'हेच बी पेरा...' आणि बाबांचे ओठ मिटलेलेच! त्यांनी हातातल्या बोंडाकडे पाहिलं. मग एका बाजूला, जिथं शूटिंगच्या दिवशी साहेब उभा होता तिकडे बघून, मान हलवली. नाही म्हणून. बोंड खाली टाकलं. फेटा सोडला, खांद्यावर टाकला, आणि वळून दोन ओळींच्या मधून चालायला लागले. पाठ लहान लहान होत गेली... पऱ्हाटीत दिसेनाशी झाली. रिकाम्या शेतावर तो आवाज बोलतच होता. मागून कुणीतरी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "ऑपरेटर, झोपला का!"

आईनं माझा हात घट्ट धरला होता. ती रडली नाही. म्हणाली, "गेले... बरं झालं. लय दिवसांचे उभे होते."

प्रल्हादकाकांनी दुपट्टा तोंडात दाबला होता. "देवराव," ते म्हणाले. मग पुन्हा, "अरे देवराव..."

शो सुटल्यावर सलीमभाईंनी रीळ उलगडून केबिनच्या खिडकीत उजेडाला धरली. मी स्वतः पाहिली. एकेक चौकट. वळलेली पाठ, लांब गेलेली पाठ, मग नुसतं शेत. कुठे कापलेलं नाही, कुठे जोड नाही. दुसऱ्यांदा शूटिंग केलं असेल का, हेही मी आईला विचारलं. आई त्या दिवशी सबंध वेळ बांधावर बसून होती. म्हणाली, "तुहे बाबा तवा कुठं चालत गेले? हसूनच तर राह्यले होते." सलीमभाईंनी हात जोडले. "मले नका विचारू, बेटी. हीच रीळ मी रोज लावतो."

प्रेक्षकांची तक्रार मालकाकडे आणि मालकाची कंपनीकडे गेली. साहेब स्वतः प्रिंट न्यायला आला. मी ती पट्टी मागितली, अक्षरशः हात पसरले. दिली नाही. "खराब झालीय ती. मॅडम, फिल्मचे दिवस संपले आता. सगळं सॅटेलाइटवरून येणार. ओरखडा नाही, तुटणं नाही, माणूस कायम ताजा!" हे तो माझ्या तोंडावर बोलला. रीळ पुढे भंगारात गेली म्हणे.

पेरणीच्या आधी अमरावतीच्या एका टॉकीजमध्ये ते नवं डिजिटल आलं. मी नवऱ्याबरोबर गेले होते. इंटरवलला बाबा आले. फेट्याचा धागान् धागा दिसत होता. बोंड वर धरलेलं, ओठ हलतायत, हसतायत. मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "हा माणूस मेलाय! हे बी खोटं आहे! याला नका फसू!" मला धरून बाहेर काढलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आम्हाला इथून काढता येत नाही हो, वरूनच येतं सगळं."

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी पुढच्या रांगेत बसून वाट पाहिली. त्यांनी मान हलवली नाही. जागचे हलले नाहीत.

फिल्मवरून ते कसे निघून गेले, मला सांगता येत नाही. तिथून गेले तर इथून का नाही, तेही नाही. विज्ञानाच्या बाईला दोन्हींचं उत्तर येत नाही, असं खुशाल लिहून ठेवा. पण ती जाहिरात अजून लागते आणि मी अजून ओरडते. लोक मला वेडी म्हणतात. परवा मला बाहेर काढल्यावर एक बाई मागोमाग आली. पायात रबरी चप्पल, हातात पेरणीच्या सामानाची पिशवी. हळूच म्हणाली, "ताई, कोन्तं बी नाई पेराचं म्हन्ता?"

मी तिला कंपनीचं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं.