मुद्देमाल : त्रेसष्ट पोस्टकार्डं

पोस्टकार्डं चोरीला गेली म्हणून पोलीस ठाण्यात आलेल्या त्या बाई आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. सत्तरच्या दशकाची अखेर असेल. निगडीत प्राधिकरणाची घरं नुकती वसत होती आणि मी तिथं फौजदार होतो. बाई मेंदूवर संशोधन करायच्या. हवालदारानं विचारलं, दागिने गेले? रोकड? दोन्ही नाही म्हटल्यावर त्यानं फिर्यादीत किमतीपुढं 'किरकोळ' लिहिलं आणि माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

बाई चिडल्या नाहीत. त्यांचा लेख हवा असलेला परदेशातला शास्त्रज्ञ कार्ड टाकून प्रत मागवतो आणि पुढं स्वतःच्या लेखात त्यांचा हवाला देतो, असं त्यांनी समजावलं. दोनच दिवसांनी विभागप्रमुखपदाची मुलाखत होती. निवड समितीतले एक गृहस्थ आधीच म्हणाले होते, चारच लेख, तेही उंदराच्या मेंदूवर, वाचतो कोण? त्याचं उत्तर व्हरांड्यातल्या पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटीच गायब होती.

"बाई, आमच्याकडं दुसऱ्याच्या जबानीत नाव आलं की माणूस अडकतो," मी म्हणालो.

"आमच्याकडं नाही आलं तर अडकतो," त्या म्हणाल्या.

असली चोरी परदेशी टपाल तिकिटं जमवणाराच करणार. खबऱ्यांना तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दापोडीच्या एका चहावाल्याचा निरोप आला : शिफ्ट सुटल्यावर एक फिटर जपानचं कार्ड लोकांना दाखवतो. फिटर निघाला बाईंच्याच गल्लीतला.

तासभर दरडावलं, पण गडी ढिम्म. मग चहा मागवला आणि उद्या बाईंची मुलाखत आहे, कार्डांवाचून त्यांची सारी मेहनत पाण्यात जाईल, हे साधेपणानं सांगितलं. अट्टल चोर दमाला भितो, हौशी चोर लाजेला. तो रडायलाच लागला.

"साहेब, तिकिटं काढायलाच नेली व्हती. पर समद्या कार्डांवर बाईंचंच नाव. कात्री चालवू वाटंना."

त्याच्या घरी त्रेसष्ट कार्डं धड सापडली, देशवार लावून सुतळीनं बांधलेली. ओळख पटवायला बोलावलेल्या बाईंनी हात पुढं केला आणि माझी पंचाईत झाली. जप्त केलेला मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही आणि कोर्ट तर उठलं होतं, मुलाखत सकाळीच होती. चोर सापडला, आता माल अडवून मीच बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग म्हटलं, पंचनामा तर करायचाच आहे, असा करू की समितीनं वाचत राहावं. कार्ड कुठल्या देशाचं, तारीख कोणती, मागणी कोणत्या लेखाची, सगळं. बाई वाचत होत्या, हवालदार लिहीत होता. पंच म्हणून तो चहावाला आणि शेजारचा एक टर्नर. प्रागचं कार्ड निघालं तसा टर्नर म्हणाला, "राव, आपली निगडी पार कुठवर गेली!" वरिष्ठांना फोन करून शिक्क्यानिशी नक्कल बाईंना दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई पेढे घेऊन आल्या. त्या गृहस्थांनी म्हणे पंचनामा शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि म्हणाले, "पंचांच्या सह्या आहेत, आता शंका कसली?" ठाण्यात आम्ही सगळे पोट धरून हसलो. इतका आनंद मला दरोडेखोर पकडूनही झाला नव्हता.

पुढं बाईंच्याच विनंतीवरून कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. कार्डं परत मिळाल्यावर त्यांनी स्वतः तिकिटं कापून फिटरला दिली.

फिर्यादीतला 'किरकोळ' मात्र खोडता आला नाही. निवृत्त होईपर्यंत मालाची किंमत मी फिर्यादीला विचारूनच लिहिली.