बाबांच्या पाण्याचं माप

बाबांच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा ते शेंदूरजनाघाटला आमच्या संत्र्याच्या बागेत होते. अमरावतीला नेईपर्यंत आतड्याचा बराच भाग काळा पडला होता. डॉक्टरांनी तो कापून काढला, उरलेल्याचं तोंड पोटावर आणलं आणि तिथं पिशवी लावली. सहा महिन्यांनी पुन्हा जोडू, म्हणाले. भावाला बाग सोडता येत नव्हती, म्हणून मी बाबांना अकोल्याला आणलं. मी इथं एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एकटी राहते.

एप्रिल होता. बाबांना सारखी तहान लागायची. मी तांब्यामागून तांब्या भरून द्यायची, आणि अर्ध्या तासात पिशवी भरायची. लघवी मात्र नावाला. पंधरा दिवसांत गालाची हाडं वर आली, पायात गोळे यायला लागले आणि एका सकाळी ते न्हाणीत कोसळले. परत अमरावती, परत सलाईन.

तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "साधं पाणी दिवसाला दोन पेले. बाकी मीठ-साखरेचं."

"तहानेनं जीव चाललाय त्यांचा, आणि पाणी कमी करू?"

"उरलेल्या आतड्यात साधं पाणी टिकत नाही. उलट अंगातलं मीठ ओढून बाहेर नेतं. मीठ आणि साखर सोबत असली, तरच पाणी आत शिरतं. खोटं वाटत असेल तर मोजून बघा."

मोजणं तेवढं मला येतं. एक मापाचं भांडं घरी आणलं. रोज सकाळी एकच पेय, अर्धा लिटर, आणि पुढच्या चार तासांत पिशवीत किती आलं, लघवी किती झाली, ते वहीत. साधं पाणी जेवढं दिलं त्याहून जास्त बाहेर आलं. संत्र्याचा रस त्याहून वाईट; पिशवी दोनदा रिकामी करावी लागली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले.

"घरचं संत्रं मले पचत नाई म्हणते," एवढंच बोलले.

मीठ घातलेली तांदळाची पेज बरी निघाली. डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं मीठ-साखरेचं पाणी सगळ्यांत बरं. पिशवी मोजायची, ओतायची, भांडं धुवायचं, मग कॉलेजात जाऊन पोरांनी घाण केलेल्या परीक्षानळ्या धुवायच्या. हाताचा वास जायचा नाही. मी जेवायची, पण काय जेवले ते आठवायचं नाही.

मे महिन्यात वरूडहून आत्या भेटायला आली. बाबांचे सुकलेले ओठ बघून तिनं मला सरळ विचारलं, "बापाचं पानी तोडलं काहून ओ तू?"

समजावून सांगायची ताकद माझ्यात नव्हती. मी चहा टाकला.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर पिशवी फुटून सगळं अंथरूण भिजलेलं. माठावरचं झाकण जमिनीवर.

"बाबा, तुमी माठातलं पानी पेले?"

"पेलो. थंडगार पेलो. मरू दे मले पानी पेऊन."

मला ओरडायचं होतं. पण मी तिथंच त्या ओल्या चादरीशेजारी बसले. "मी थकली ओ बाबा," म्हणाले. त्यांच्यापुढे असं मी कधीच बोलले नव्हते.

त्यांनी वहीकडे बोट केलं. मग म्हणाले, "त्या वहीत काय लिहून राह्यली तू? वाच."

मी वाचलं. कोणत्या दिवशी काय दिलं, किती बाहेर आलं, सगळं. त्यांनी संत्र्याच्या रसाचं पान दोनदा वाचायला लावलं.

"मंग आन तुह्यं ते खारं पानी," ते म्हणाले.

त्यानंतर ते रोज शिव्या देत प्यायचे, पण प्यायचे. जूनपासून वहीतले आकडे त्यांच्याच अक्षरात आहेत, वाकडेतिकडे.

दिवाळीनंतर आतडं जोडलं. आता ते गावी आहेत, साधं पाणी पितात, बरंचसं टिकतं. बागेच्या कडेपर्यंत जातात आणि बसून राहतात. लोक म्हणतात, पोरीनं बापाची सेवा केली. मला तर एवढंच ठाऊक आहे, की त्या सात महिन्यांत किती प्याले आणि किती गेलं यापलीकडे मी बाबांना काहीच विचारलं नाही. अजूनही रविवारी फोन लावते तेव्हा आधी तेच विचारते. ते सांगतात. मग दोघंही थोडा वेळ तसेच फोन धरून असतो.