नेटवरचे शेअर डॉक्टर

दोन हजारनंतरच्या तेजीच्या दिवसांत मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये नमुने तपासायचो. पहिली पाळी सुटली की दौंडला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून शेअर बाजाराच्या एका साइटवर लोकांना सल्ले द्यायचो. नाव घेतलं होतं 'शेअर डॉक्टर'. पेपरात वाचलेलंच जरा वजनदार इंग्रजीत लिहायचं, एवढीच माझी डॉक्टरकी. उचलली जीभ लावली टाळ्याला. इथं तर जीभही उचलावी लागत नव्हती.

शेजारी रेल्वेतून नुकतेच रिटायर झालेले मामा राहायचे. नात्यातले नव्हेत, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "फंडाचं समदं पैसं शेअरात टाकतोय. उद्या पुण्याला जातो. पोरानं नेटवर दावलं, एक डॉक्टर हायत, एकाच कंपनीचं नाव घेत्यात. येवढा शिकल्याला माणूस, खोटं कशाला लिवंल?"

मी कंपनीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं ते माझ्याच सल्ल्यातलं होतं.

"मामा, तो डॉक्टर मीच आहे."

मामा पोट धरून हसले. "तू? आरं, जुनी स्कूटर घेतलीस ती पंधरवड्यात बसली. तुझं ऐकून मी शंभर रुपय बी लावणार न्हाई!"

पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून मनाची समजूत घालावी, तर मामांची पारख अगदी बरोबर होती.

शेवटी त्यांना कॅफेत नेलं. त्यांच्यासमोर पासवर्ड टाकला आणि डॉक्टरच्या नावानं दोन ओळी लिहिल्या. त्या स्क्रीनवर उमटल्या तसं मामांचं हसू गेलं.

"तुझं सोताचं किती शेअर हायत ह्या कंपनीत?"

"एकही नाही. माझं खातंच नाही."

"मग कशापायी लिवलंस?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. म्हटलं, "तिथं लोक मला सर म्हणतात, मामा."

मामा उठले. पुण्याला गेले नाहीत, पैसे बँकेतच राहिले. पुढंही माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, पण मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. ते माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होते, म्हणून वाचले. बाकी ज्यांनी माझं ऐकलं, त्यांची गावंसुद्धा मला ठाऊक नव्हती.