म्हाराज कोणत्या भाषेत चूप होते

म्हाराजानं देह ठेवला तवा त्यायच्या उशाशी बसलेला अख्ख्या दुनियेत मी एकटाच माणूस. बसलेला होतो, जागा नव्हतो.

हे तुमाले सांगतलं, पण ज्या बाईले सांगाचं होतं तिले टायमावर सांगतलं नाई. म्हणून आता तिच्याबद्दल लिवाले बसलो. लिवाले म्हणजे बोलाले. लिवून पोस्टमन राह्यला, मले सहीबी येत नाई.

बाईले तुमच्यापैकी कोणी पाह्यलं असन. मूल गावापासून आमच्या गावाकडं आलं का जंगलाच्या कडेले म्हाराजाचा मठ आहे. तिथच्या सैपाकघराच्या दारात पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभी राहे ती बाई. किती लोकं जेवाले आले हे कोणाले पुसत नसे. एकेकाचं तोंड पाहे अन् आधणात मुठीनं तांदूळ टाके. बांधावरून आला त्याले दोन मुठी. बायकोसंग भांडून आला त्याले तीन. "भांडलेला माणूस पहिले नाई नाई म्हणते, मंग पातेलं खरवडते," म्हणे. मले न पाहताच चार टाके.

अन् बोलणं? बोलणं एकच. "मंग?" कोणी मोठी गोष्ट सांगतली, का सरपंच पडला, का नाल्याजवळ वाघ दिसला, बाई सारं आयकून घे अन् म्हणे, "मंग?" त्या एका शब्दापुढं भल्याभल्यायची गोष्ट सरून जाये.

म्हाराज तं तेवढंही बोलत नसत. तीस साल झाले असतीन, वडस्याच्या गाडीतून उतरून जंगलातून पायी आले अन् गावाच्या मोहाच्या झाडाखाली बसले. आले तवापासून मौन. पाटीवर लिवणंबी नाई. कोणत्या मुलखाचे, कोणत्या जातीचे, कोणाले मालूम नाई. आले, नाला साफ केला, बांध घातला, चूल पेटवली अन् जो येईन त्याले एका पंगतीत बसवून जेवू घातलं. टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे गोंड, बौद्ध मोहल्ल्यातले, आमच्यासारखे फुकटे, सारे एकाच पंगतीत. ही बाईबी नवऱ्यानं टाकलेली, तिथी झाडझूड कराले आली अन् रांधणीवर राहून गेली. भात मऊ पाह्यजे असन तं म्हाराज बोटानं ताटलीत रेघ ओढत, बाई समजून घे. तीस साल त्यायनं तिले एक शब्द देल्ला नाई, अन् तिनं मांगला नाई.

म्हाराज अखेरच्या दुखण्यात होते. त्या दिवशी बाईले हळद-मिरच्यासाठी मूलच्या बाजारात जाचं होतं. मी राइस मिलमधी कोंडा भरतो, रातपाळी सुटून तसाच मठात आलो होतो. बाई म्हणे, "बस जवळ. डोळा लावू नोको. त्यायनं मान हालवली तं पाणी दे."

"जा बाई तुमी, मी आहो ना," म्हणलं मी. छाती ठोकून म्हणलं.

बाईनं पिशवी खाली ठेवली त्या आवाजानं मी उठलो. म्हाराज गेले होते. बाईनं त्यायच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "काही म्हणलं का त्यायनं?" मी मान हालवली. कोणत्या बाजूनं हालवली ते मलेबी मालूम नाई.

इथपर्यंत निभलं असतं. पण तेरवी झाल्यावर चहाच्या टपरीवर मास्तर अन् पोस्टमन भिडले. मास्तर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले, मठाच्या समितीचे अध्यक्ष. त्यायचं म्हणणं, म्हाराज सिद्ध पुरुष, अन् सिद्ध पुरुषाची भाषा संस्कृत. देवाच्या तोंडातून निंगालेली, साऱ्या भाषायची माय. म्हाराजाचं खरं देणं थेच, बाकी भात काय कुठीही भेटते.

पोस्टमन बौद्ध, वाचणारा माणूस. तो म्हणे, "मास्तर, संस्कृत म्हणजेच संस्कार केलेली. मंग कशावर केले? कच्चा माल पहिले असनच ना. लोकायची बोली धान होय, संस्कृत पालिश केलेला तांदूळ. मिलमधी तांदूळ टाकून धान निंगते का?"

"अन् त्या धानाचं बी कोणं देल्लं?" मास्तर म्हणे.

टोल्यावरचा गोंड बुढा बिडी विझवत बोलला, "तुमचं धान यायच्या पहिले आमी कंदमुळं खात होतो. तवाबी बोलतच होतो."

मास्तर तापले. "वाद घालू नका. म्हाराजाचं मौन संस्कृतातलंच होतं."

"म्हाराज कोणत्या भाषेत चूप होते हे तुमाले कसं समजलं, मास्तर?" पोस्टमन म्हणे.

टपरी हासली. चहावाल्याच्या नाकातून चहा आला. आता तुमाले माहा सभाव मालूम नाई. गावात हासवाचं काम माहं आहे. दुसऱ्यानं हासवलं का माह्या पोटात दुखते. मी उठून बोललो, "मले मालूम आहे! जाता जाता बोलले ना म्हाराज. माह्यासंग. संस्कृतात!"

"काय बोलले?" मास्तर म्हणे.

"मले काय समजते? संस्कृतात होतं."

"समजलं नाई तं संस्कृत कशावरून?" पोस्टमन म्हणे.

"समजलं नाई यावरूनच तं."

आता लोटपोट होतीन म्हणून मी थांबलो. कोणीच हासलं नाई. मास्तरनं दोन्ही हात जोडले, मले. अन् मागं एकजण मोबाइल धरून सारं उतरवून राह्यला होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडीओ मूलच्या अलीकडं-पलीकडं फिरला. आठवड्यात बॅनर लागलं. त्यावर म्हाराजाचा फोटो जांभळाएवढा अन् माहा भोपळ्याएवढा. मिलच्या मालकानं मले खुर्ची देल्ली. मी कोंडा भरणारा माणूस, खुर्चीवर बसून कोंडा कसा भरू? समितीनं साक्षीचा एक कागद आणला, त्यावर माहा आंगठा घेतला. समाधीवर गोटा बसवाचा ठरला, त्यावर संस्कृत कोरलेलं. ते मास्तरनं नागपूरवरून लिवून आणलं अन् मले म्हणे, "हेच बोलले ना?" मी म्हणलं, "असंच कायतरी."

एक दिवस हिंमत करून मास्तरच्या घरी गेलो. "मास्तर, थे जरा गमतीनं…" एवढंच बोललो. त्यायनं दार लावून घेतलं. "आता पलटू नोको. रस्त्याची फाइल वरपर्यंत गेली, भक्तनिवास होऊन राह्यलं. अख्खं गाव तुह्या जिभेवर उभं आहे."

माह्या जिभेवर आजपर्यंत तंबाखूचा खर्राच उभा राह्यला होता. गाव कधी चढलं मले समजलंच नाई.

मंग बाई मिलवर आली. तीस सालात बाजार सोडला तं मठाबाहीर कुठी जात नसे, ती कोंड्याच्या ढिगापर्यंत चालत आली. मशीन बंद होती, चार हमाल जेवून राह्यले होते, सारे माह्याकडं पाहाले लागले.

"बोलले?" बाई म्हणे.

मी कोंडा झटकत राह्यलो.

"मले राग नाई," बाई म्हणे. एवढं लंबं बोलताना मी तिले पहिल्यांदा आयकलं. "मी त्यायले कधी शब्द मांगला नाई. मले वाटे, त्यायच्यापाशी नसनच. पण तो होता, अन् त्या टायमाले मी बाजारात मिरच्या तोलून घेऊन राह्यली होती, असं असन तं मले समजलं पाह्यजे. होता का नव्हता, एवढंच सांग."

एवढंच सांगाचं होतं. पण 'नव्हता' म्हणाले मले कुठी मालूम होतं? मी तं झोपलो होतो! एखाद्या टायमाले बोललेही असतीन. खरं सांगतलं असतं तं एकच सांगता आलं असतं का बाई, तुमी जागाले बसवलं अन् मी घोरलो. चार हमाल पाहून राह्यले होते. मी म्हणलं, "बोलले, बाई. तुमचं नाव घेतलं."

मले वाटलं, खूश होईन.

"कोणतं नाव?" बाई म्हणे.

बाईचं नाव मले मालूम नव्हतं. गावात कोणालेच नव्हतं. "बाई… बाईच म्हणले."

"संस्कृतात?"

"हव. संस्कृतात."

"मंग?" म्हणे बाई.

मी टोपलं उचललं अन् कोंडा भराले लागलो. ती आली तशी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी पुनवेची पंगत होती. बाईनं मले सैपाकघरात बलावलं अन् चाटू माह्या हातात देल्ला. "ज्याच्यासंग बोलले त्यानं रांधावं." एक पिशवी घेतली अन् चामोर्शीले भाचीकडं निंगून गेली. रांधलं मंग मी. तोंडं पाहून मुठी टाकल्या. सारेच तोंडं मले भुकेले दिसत. भात खाली करपला, वर कच्चा राह्यला. लोकायनं थो डोळे मिटून खाल्ला, साक्षीदाराच्या हातचा प्रसाद म्हणून. एका बुढीचा दात पडला, तिनं तोही पदरात बांधून नेला.

पोस्टमन मले रोज म्हणे, "चामोर्शीले जा. जे झालं ते सांग. बाई मास्तरले सांगणार नाई."

"जातो ना भाऊ," म्हणो मी.

गेलोही. एकदा मूलच्या बसस्टँडवर एक बाई पाया पडली, तिच्या घरच्यायनं चहा पाजला, बस निंगून गेली. मले बरंच वाटलं. दुसऱ्यांदा बसमधी बसलो, तं कंडक्टरनं वळखलं. पुढची सीट देल्ली अन् म्हणे, "म्हाराजाचं थे वाक्य एकदा आमालेही आयकवा." सारी बस माह्याकडं वळली. मी पुढच्या थांब्यावर उतरलो अन् उन्हात घरी आलो. मंग धानाचा रोवणा आला, मंग समाधीच्या गोट्याचा कार्यक्रम, मंग काही ना काही. घरी बसलो तं बाईचं तोंड दिसे, बाहीर निंगलो तं बॅनरवर माहं. दीड साल असंच गेलं.

एक दिवस पोस्टमननं माह्या दारात सायकल उभी केली. "बाई गेली," म्हणे. "उद्या तेरवी आहे."

तेरवीच्या दिवशी बसमधी मले कोणी वळखलं नाई. बस वैनगंगेच्या पुलावरून गेली, मी खिडकीतून पाहत राह्यलो, कोणी चहाबी पाजला नाई. भाचीच्या आंगणात मांडव होता. भिंतीले बाईचा फोटो, कोणत्यातरी सरकारी कार्डावरचा मोठा केलेला. खाली तिचं नाव लिवलं होतं. मले वाचता येत नाई, अन् कोणाले पुसाची माही हिंमत झाली नाई.

भाची चुलीजवळ भाताचं पातेलं उतरवून राह्यली होती. मी तिथंच उकिडवा बसलो अन् सारं सांगतलं. बाई बाजाराले गेली होती ते, मी छाती ठोकली ते, झोपलो ते, टपरीवरचं, मिलवरचं. म्हणलं, "म्हाराज बोलले का नाई बोलले, मले मालूमच नाई. मी आयकलं नाई. हे तुमच्या आत्याले सांगाले येणार होतो."

तिनं पातेलं खाली टेकवलं. पदरानं हात पुसले.

"आत्या मरेपर्यंत हेच पुसून राह्यली होती," म्हणे. "मूलची बस इथी रोज चार खेपा येते, भाऊ. आता सरका तिकडं, पंगत बसवाची आहे."