डांबराचा ठिपका

दुरुस्तीला आलेला रेडिओ सुरू केला की लक्ष्मणकाका गाणं कधीच लावत नसत. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून, डोळे मिटून नुसती खरखर ऐकत. "गानं लागलं का सगलं चांगलंच वाटते, बाय. रोग या खरखरीत हाय." पालघर स्टेशनाजवळ त्यांचं फळ्या ठोकून केलेलं दुकान होतं. मूळचे मुरबे या कोळ्यांच्या गावचे; होडीच्या दोरात दोन बोटं गेल्यावर हे काम शिकलेले.

मुलांनो, मी तारांना कथलाचा डाग देऊन जोडायला पुस्तकातून शिकले, असं तुमच्या बाबाला मी नेहमी सांगत आले. ते खोटं आहे. मला काकांनी शिकवलं.

मी तेव्हा मुंबईहून इंग्रजीतून बी.एस्सी. होऊन पालघरच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. तारापूरच्या नव्या वीजकेंद्राच्या कामावरचे एक मोठे इंजिनिअर शाळेत येणार होते. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या की टेपरेकॉर्डरवर मुलींचं स्वागतगीत आपोआप सुरू व्हावं, अशी माझी कल्पना. एका इंग्रजी मासिकात आकृती होती. ती मला वाचता येत होती, जोडता येत नव्हती. म्हणून काकांच्या दुकानात गेले, आणि पहिल्याच दिवशी एक ट्रान्झिस्टर जाळला.

"घाई कोनाची हाय? कथील पाण्यावानी पसरू दे, मग तापली काडी उचल," काका म्हणाले. जुन्या टेलिफोनचं बोलायचं भांडं त्यांनी माइक म्हणून दिलं. पंधरा दिवसांत टाळी वाजवली की रिले, म्हणजे टेप सुरू करणारा खटका, टक् करून लागू लागला. मी खूष. काका खोकले, बाक ओढलं, दार आपटलं. दर वेळी रिले लागला, आणि दर वेळी त्यांनी किती आवाजाला तो लागावा हे ठरवणारी गुंडी थोडी मागे फिरवली. "बोलायला कोनीबी शिकवील. पैले त्याला गप राहायला शिकव." शेवटी फक्त भरल्या सभेच्या टाळ्यांनीच लागेल अशा जागी गुंडी आणून, हलू नये म्हणून त्यांनी तिच्यावर होडीच्या डांबराचा ठिपका ठेवला.

पाहुण्यांसाठी वाजलेल्या टाळ्या पुरल्या नाहीत तर? या धास्तीने मी कार्यक्रमाच्या सकाळी केसांच्या पिनेने तो ठिपका खरवडला आणि गुंडी पुढे शेवटपर्यंत फिरवली, जराशा आवाजानेही गाणं लागावं म्हणून.

त्याच आठवड्यात मुरब्याची एक होडी बुडाली होती. काकांचा पुतण्या गेला होता. हेडमास्तरांनी त्याच्या वडिलांना, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाला, बोलावून पुढे बसवलं होतं. आधी दोन मिनिटं स्तब्धता, असं त्यांनी जाहीर केलं. सगळे उभे राहिले. लगेच टाळ्या होतील म्हणून मी हळूच बटण दाबून यंत्र चालू करून ठेवलं. तेवढ्यात त्या बापाच्या घशातून एक हुंदका आला. आणि स्वागतगीत सुरू झालं, पेटी-तबल्यासकट.

"हे कोणी केलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

मी म्हणाले, "जोडणी दुकानात करून घेतली होती, सर."

मागे बसलेले काका पुढे आले. त्यांनी टेप आणि यंत्र बंद केलं. खरवडलेलं डांबर त्यांना दिसलं. त्यांनी गुंडीवर तळवा ठेवला. "माजीच चूक हाय," ते म्हणाले.

थोरला भाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "तुजाच पोर असता तर वाजवला असतास?" आणि निघून गेला.

त्यानंतर भावाने त्यांना घरात घेतलं नाही. मुरब्याचे रेडिओही दुकानात येईनासे झाले. महिन्याभराने मी माफी मागायला गेले. काका काम करत होते. वर न बघता म्हणाले, "मना काय सांगतेस? मना ठाव हाय. सांगायचं तर माज्या भावाला सांग."

मी सातपाटीपर्यंत गेले. खाडीपलीकडे मुरबे. तरीची होडी काठाला लागली. "येता का, बाई?" नावाड्याने विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच वर्षी लग्न होऊन मी पालघर सोडलं.

काका गेल्याचं मला एका जुन्या विद्यार्थिनीच्या पत्रातून कळलं. तिने सहज लिहिलं होतं, की मुरब्यात काकांची तिरडी उचलली तेव्हा त्यांचा थोरला भाऊ चार घरं पलीकडे ओट्यावर बसून होता. खांदा द्यायला उठला नाही.