ओवाळून टाकलेली नोट

शंभराची नोट होती. कोरी. संस्थेच्या अध्यक्षांनी ती स्वतःच्या मुलीच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली आणि माझ्याकडे वळले. माझ्या दोन्ही हातांत ढोलाच्या काठ्या होत्या. हात रिकामा दिसला नाही म्हणून त्यांनी नोट माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यात खोचली. ज्या पट्ट्याला ढोल अडकवला होता, त्याच पट्ट्यात.

"काय वाजवून राह्यली पोरगी! घे, घे, लाजू नको. आता जरा लग्नातलं होऊन जाऊ दे!"

लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानं हसले. मला आजही त्या कौतुकाचाच जास्त संताप येतो. शिवी दिली असती तर तोंडावर शिवी परत देता आली असती.

मी तेव्हा नववीत होते. जालन्याच्या मैदानावर शाळांच्या बँडची विभागीय स्पर्धा होती आणि आमच्या मुलींच्या बँडचा पहिला नंबर आला होता. पहिल्या आलेल्या बँडनं बक्षीस घेतलं की वाजवत मैदानाला एक फेरी मारायची असते. त्या फेरीसाठी आम्ही रांगा लावून उभ्या होतो. सगळ्यांत पुढे हातात दंड घेतलेली ऋतुजा, म्हणजे अध्यक्षांची मुलगी. तिच्या मागे बिगुल, बासऱ्या, सहा छोटे ड्रम, झांजा. आणि मधोमध मी. मोठा ढोल.

बँड पाहणाऱ्याला वाटतं, दंडवाली सगळं चालवते. ती इशारा करते, खरं आहे. पण पाय उचलतो तो ढोलाच्या ठोक्यावर. पहिला ठोका पडला की डावा पाय. ठोका नाही तर पाय नाही. सत्तावीस मुली माझ्या उजव्या हाताकडे कान लावून उभ्या असायच्या. वर्गात मला कुणी फारसं मोजत नव्हतं. मैदानात माझ्याशिवाय कुणाचं पाऊल पडत नव्हतं. चौदा वर्षांच्या पोरीला याची किती चढते ते ज्याला कधी कुणी मोजलं नाही त्यालाच कळेल.

हा ढोल मला सुखासुखी मिळाला नव्हता. आमचं गाव वाटूरपासून आत, दोन किलोमीटरवर. घर बौद्धांचं. बाप जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. घरात सत्ता आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ढोलासाठी माझं नाव निघालं हे कळलं तेव्हा आबा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं.

"आपल्या घरात वाजवणं बंद झालंय," ते म्हणाले.

त्यांच्या बापाकडे गावकीची हलगी होती. गावात लग्न असो, मयत असो, मिरवणूक असो, पुढे चालत हलगी वाजवायची आणि मग दारोदार भाकरी मागायची. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी हलगी उचलली आणि विहिरीत टाकली. गावानं दाणे बंद केले. घर उपाशी झोपलं, पण हलगी पुन्हा आली नाही. आबा तेव्हा दहा वर्षांचे होते. तेव्हापासून आमच्या घरात साधा डबासुद्धा कुणी बोटानं वाजवला की आबा डोळे वटारायचे.

मी म्हटलं, "आबा, ही हलगी न्हाई. ही परेड आहे. ड्रेस आहे, टोपी आहे, शिस्त आहे."

"वाजवलं की मंग हात पुढं करावा लागतो, माय. माझ्या बापाचा हात म्या पाह्यलाय."

मी ऐकलं नाही. रडले, दोन दिवस जेवले नाही, शेवटी आईनं मधे पडून हो म्हणवून घेतलं. मला वाटायचं, आबांचं जुनं झालं. आता कोण कुणापुढे हात पसरतं? शाळेनं जुन्या जालन्यातून पांढरं कापड आणून सगळ्यांना एकसारखे ड्रेस शिवले होते. माझ्या मापाचं शिवलेलं ते पहिलं कापड. लाल पट्टा, टोपीला तुरा. तो ड्रेस अंगावर चढला की मला कुणाची जात दिसायची नाही. माझीही नाही. मूर्ख होते मी.

शिकवायला पीटीचे सर होते. माणूस मेहनती. पण पहिल्याच आठवड्यात माझा ठोका बसला तेव्हा ते दुसऱ्या मास्तरांना माझ्यासमोरच म्हणाले, "हिला शिकवायचं काम न्हाई. यांच्या रक्तातच असतंय."

रक्तात! दोन पिढ्या आमच्या घरात कुणी काठी हातात धरली नव्हती. माझ्या रक्तात काहीही नव्हतं. हाताला फोड होते. गावापासून फाट्यापर्यंत रोज चालत यायचे तेव्हा "डावा, उजवा" मोजत यायचे, शंभर झाले की पुन्हा एकपासून. गुरं हाकणारे लोक मला वेडी म्हणायचे. गोठ्यामागे आबांना चोरून रॉकेलचा रिकामा डबा पिटायचे, त्यावर गोणपाट टाकून, आवाज घरापर्यंत जाऊ नये म्हणून. ऋतुजा छान चालायची तर सर म्हणायचे, पोरगी कष्टाळू आहे. मी छान वाजवलं की रक्तात आहे. तिचे कष्ट तिचे, माझे कष्ट माझ्या जातीचे. तेव्हा मला हे असं मांडता येत नव्हतं. नुसतं काहीतरी टोचायचं आणि मी वाजवत राहायचे.

तर ती नोट.

मी पट्ट्याकडे पाहिलं. नोटेचं टोक माझ्या हनुवटीला लागत होतं. आजूबाजूला सहा ड्रमवाल्या, त्यांना कुणाला नोट नव्हती. बिगुलवाल्यांना नव्हती. त्यांच्याशी अध्यक्षांनी हात मिळवले होते, "शाब्बास बेटा" म्हणाले होते. नोट एकटीला. एवढ्या सगळ्या पांढऱ्या ड्रेसांतून त्या माणसाला बरोबर मी सापडले. कुणीतरी सांगितलं असणार. सांगायला तरी कशाला हवं?

आणि मला आबांच्या बापाचा हात दिसला. मी तो कधी पाहिलेला नव्हता. तरी दिसला.

ऋतुजानं दंड वर केला. सरांनी कडेनं शिट्टी फुंकली. इशारा झाला. आता ठोका.

मी ठोका दिला नाही.

सत्तावीस मुली तशाच थांबल्या. ऋतुजाचा दंड हवेत. माईकवरचा माणूस "विजेता संघ आता..." म्हणून गप्प झाला. सर धावत आले.

"वाजव की! काय झालं?"

"आधी नोट काढा."

"काढ मंग! हात न्हाईत का तुला?"

"मी न्हाई काढणार. ज्यांनी खोचली त्यांनी काढावी."

धाडस वगैरे काही वाटत नव्हतं, नुसतं तोंड तापलं होतं. सरांनी झटकन हात घालून नोट ओढायला घेतली. मी मागे सरकले. म्हटलं, "तुम्ही न्हाई, सर. साहेबांनी."

अध्यक्ष चार पावलांवर उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला बराच वेळ लागला. मला वाटतं त्यांना खरंच कळत नव्हतं काय बिघडलं ते. देणाऱ्याला कधी कळत नाही. मग त्यांना कळलं की शेकडो लोकांसमोर एक पोरगी त्यांना काहीतरी करायला सांगून राहिली आहे, आणि तेवढं मात्र त्यांना लगेच कळलं.

"हिला बाजूला करा," ते म्हणाले.

मला बाजूला केलं. सरांनी खांद्यावरून पट्टा उतरवला, ढोल एका ड्रमवाल्या मुलीच्या गळ्यात घातला. नोट पट्ट्यातून सुटून खाली पडली, ती कुणी उचलली मला माहीत नाही. त्या मुलीनं ठोका दिला, तोही चुकीच्या वेळी. निम्म्या पोरी डाव्या पायावर, निम्म्या उजव्या. पहिला आलेला आमचा बँड एकमेकींच्या टाचा तुडवत मैदानाला फेरी मारून आला. मी चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहून पाहत होते. मैत्रिणींची फजिती होत होती आणि मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटत नाही.

दोन दिवसांनी आबांना शाळेत बोलावलं. हेडसर म्हणाले, महिन्यात राज्याची स्पर्धा आहे, पोरीचा हात चांगला आहे, शाळेला ती हवी आहे. फक्त माफीपत्र लिहून द्यायचं. अध्यक्षांचा अपमान झाला आहे. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांपुढे वाचून दाखवायचं, की विषय मिटला. कोरा कागद टेबलावर ठेवलेलाच होता. बाजूला पेन.

मला राज्याला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? पुण्याचं मैदान मी स्वप्नात पाहिलं होतं. माझा हात पेनाकडे गेला असता, कदाचित. मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता म्हणणार, सांगितलं होतं ना, वाजवू नको.

आबांनी हेडसरांना विचारलं, "साहेबांनी नोट कोणाच्या डोक्यावरनं ओवाळली?"

"त्यांच्या मुलीच्या. कौतुकानं हो, आजोबा. बक्षिसी म्हणून."

"बक्षिसी हातात देतेत, सर. ओवाळून देतेत तो उतारा. लेकराला नजर लागू न्हाई, तिच्यावरची ईडापीडा जावी म्हणून उतरवून टाकतेत. टाकायला जागा लागती. आमचा बाप ती जागा व्हता. साहेबांच्या पोरीची पीडा माझ्या नातीच्या अंगावर टाकली. अन् माफी तिनंच मागायची?"

हेडसरांनी कागद माझ्याकडे सरकवला.

उतारा. हा शब्द मला मराठीच्या पेपरातला माहीत होता. खालील उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा. लिंबू, मिरच्या, भाताचा गोळा तिठ्यावर टाकलेला असतो, त्यावर पाय देऊ नये, त्यालाही उतारा म्हणतात हे माहीत होतं. पण ओवाळलेली नोट म्हणजे उतारा, आणि ती घेणारा म्हणजे तिठा, हे मला त्या खोलीत कळलं. म्हणजे तो माणूस मला पैसे देत नव्हता. मी गरीब म्हणून दया करत नव्हता. तो आपल्या मुलीवरची घाण काढून माझ्यावर ठेवत होता, हसत हसत, रीत म्हणून, आणि माझ्याकडून "थँक्यू साहेब" ऐकायची वाट पाहत होता. जाणून केलं की न जाणता, मला काही फरक पडत नाही. न जाणता केलं असेल तर जास्त वाईट. त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की जाणायची गरजच उरली नव्हती.

म्हणजे रक्तात होतं ते त्यांच्या. आमच्या नव्हतं.

मी कागद हेडसरांकडे सरकवला. कोराच.

बँड माझ्याशिवाय पुण्याला गेला. कितवा आला ते मी विचारलं नाही. दहावीपर्यंत मला कुठल्याच संघात घेतलं नाही, खो-खोतसुद्धा नाही. पीटीचे सर समोर आले की शिट्टी चाचपत निघून जायचे.

त्या दिवशी शाळेतून परत येताना आबांनी विचारलं होतं, "आता तरी सोडशील ना?"

"न्हाई सोडणार," मी म्हटलं. "तुमच्या बापावर लादलं व्हतं, त्यांनी फेकलं. मी शिकलेय. माझं आहे ते."

आबांना पटलं नाही. ते मरेपर्यंत पटलं नाही. या एका गोष्टीत आम्ही दोघं शेवटपर्यंत भांडलो आणि मला अजूनही वाटतं की दोघंही बरोबर होतो.

आता मी जालन्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तासिका तत्त्वावर. मस्तगडला खोली आहे, सकाळी साडेसहाला मैदानावर असते. मुलींचा बँड मी उभा केला, सत्तावीस जणींचा. मोठा ढोल कुणाला द्यायचा हे मी ठोका ऐकून ठरवते, आडनाव ऐकून नाही. आणि जी चांगलं वाजवते तिला मी सांगते, तू घाम गाळलास. रोज सांगते.

मागच्या आठवड्यात या शाळेच्या संस्थेचं पत्र आलं. वर्धापनदिनाला पाहुणे येणार, त्यांच्या गाडीपुढे फाटकापासून मंडपापर्यंत बँडनं वाजवत यावं. मी पत्राखाली लिहिलं: बँड मैदानावर वाजेल, गाडीपुढे चालणार नाही. सही केली.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, एवढ्याशा गोष्टीचा कशाला इश्यू करून राह्यल्या? तुमची नोकरी तासिकेवरची आहे, विसरू नका."

विसरले नाही. माझी ऑर्डर किती दिवसांची आहे आणि पुढची कुणाच्या सहीनं निघते, मला पाठ आहे. तरी बँड गाडीपुढे जाणार नाही. ज्याला ऐकायचं त्यानं गाडीतून उतरावं, मैदानात यावं, बाकावर बसावं आणि ऐकावं. मला काढायचं असेल तर काढा. मग दुसरं कुणी आणा आणि पोरींना गाडीपुढे उभं करून बघा. उतारा म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं आहे. सत्तावीसच्या सत्तावीस जणींना.